शांत गल्लीतलं रो हाऊस: एका पुनर्विक्री व्यवहाराचा प्रकरण अभ्यास

व्यवहार २०२३ सालचा, पुण्यातला. माणसांची आणि सोसायटीची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या जुन्या उपनगरात १९९६ मध्ये बांधलेली चौदा रो हाऊसची योजना. साधारण १६ गुंठ्यांचा भूखंड, एका रांगेत घरं, प्रत्येकाची जागा १८ बाय ५४ फूट: पुढे १५ फुटांचं अंगण, मग तळमजला आणि पहिला मजला, मागे १० फूट मोकळं. समोरची गल्ली ९ मीटर रुंद आणि टोकाला भिंतीनं बंद. गल्लीत येतं ते फक्त तिथे राहणाऱ्यांचं वाहन.

खरेदीदार म्हणजे चाळिशीकडे झुकलेलं नोकरदार दांपत्य, शाळेत जाणारी एक मुलगी आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिना टाळणाऱ्या सासूबाई. तळमजल्यावर एक खोली आणि संडास-बाथरूम ही त्यांची मुख्य गरज होती आणि या घरात ती भागत होती. जवळ ५५ लाख रुपये होते, बाकी कर्ज काढायचं ठरलं होतं.

एजंटनं घर ‘थ्री बीएचके, १,३१० चौरस फूट, १ कोटी ४५ लाख, कागद क्लिअर’ असं सांगितलं. विक्रेत्या साठीच्या बाई. घर त्यांच्या यजमानांच्या नावावर होतं. ते २०१९ मध्ये इच्छापत्र न करता वारले. नामनिर्देशन पत्नीचं असल्यानं सोसायटीनं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) बाईंच्या नावे केलं होतं.

बंगल्यापेक्षा स्वस्त, फ्लॅटपेक्षा मोकळं, म्हणून लोक रो हाऊस घेतात. पण फ्लॅट घेताना ज्या गोष्टी सोसायटीवर सोडून देता येतात, त्या इथे एकेका घरमालकाच्या गळ्यात असतात: गच्ची, सामाईक भिंती, ड्रेनेजचं चेंबर, अंगणाखालची टाकी, पायाखालची जमीन. या व्यवहारातल्या सगळ्या अडचणी तिथूनच निघाल्या.

विसार देताना

एजंट पाच लाखांचा विसार, म्हणजे बयाणा, मागत होता. खरेदीदारांनी ५१ हजारांचा धनादेश दिला आणि विसार पावतीवर तीन अटी लिहून घेतल्या. वकिलाचा शोध अहवाल (मालकीच्या जुन्या दस्तांची तपासणी) किंवा बँकेचा कायदेशीर वा तांत्रिक अहवाल प्रतिकूल आल्यास रक्कम पूर्ण परत; मुदत ४५ दिवस; त्या काळात विक्रेत्यांनी दुसऱ्याशी बोलणी करायची नाहीत. पुढे जे काही वाटाघाटीचं बळ मिळालं ते या पावतीमुळे. पाच लाख अडकले असते तर पहिली वाईट बातमी आल्यावरही माणूस ‘आता मागे कसं फिरायचं’ म्हणत पुढे गेला असता.

अडचणी कशा उघड झाल्या

पहिली, खोल्यांची. महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र मिळवून टेप लावला, तेव्हा मंजूर बांधकाम १,०५० चौरस फूट भरलं. उरलेल्या २६० पैकी १८० चौरस फूट म्हणजे गच्चीवर चढवलेली खोली, तीच जाहिरातीतली तिसरी बेडरूम. ८० चौरस फूट म्हणजे स्वयंपाकघर मागच्या मोकळ्या जागेत वाढवून वर पत्रा टाकलेला भाग. दोन्ही बांधकामं परवानगीशिवायची. ‘मिळकतकर भरतो की आम्ही त्या खोलीचा,’ हे उत्तर विक्रेत्यांच्या मुलानं दिलं. ते खरंही होतं. पण महापालिका कर आकारते म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. ते होतं, हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे.

बँकेच्या मूल्यमापकानं फक्त १,०५० चौरस फूट धरले आणि किंमत १ कोटी २४ लाख काढली. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, आणि करारातली किंमत व मूल्यांकन यांतला कमी आकडा धरते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यात मोजत नाहीत. खरेदीदारांनी १ कोटी ८ लाख ७५ हजारांचं कर्ज गृहीत धरलं होतं. मिळणार होतं ९३ लाख. १ कोटी ४५ लाखांना घर घ्यायचं तर स्वतःचे ५२ लाख, ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क १० लाख १५ हजार, नोंदणीचे ३० हजार आणि एजंटचा एक टक्का, म्हणजे हातचे जवळजवळ ६४ लाख लागणार होते. आधीचा हिशेब ४८ लाखांचा होता.

दुसरी, वारसांची. वकिलांनी विचारलं, ‘२०१९ मध्ये मालकांच्या आई हयात होत्या का?’ होत्या. गावी धाकट्या मुलाकडे राहत होत्या आणि २०२१ मध्ये वारल्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार इच्छापत्र न करता वारलेल्या पुरुषाची आई ही पत्नी आणि मुलांइतकीच पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे घराचे चार वाटे झाले: पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. आईंनीही इच्छापत्र केलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या हयात मुला-मुलीकडे आणि वारलेल्या मुलाच्या मुलांकडे गेला. थोडक्यात, विक्रेत्यांचे दीर आणि नणंद या घराचे सहमालक होते, आणि त्या दोघांनाही याची कल्पना नव्हती. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. सोसायटीनं कोणाशी व्यवहार करायचा एवढंच त्यातून ठरतं. शोध अहवालात हा दोष दिसत नाही, कारण आईंच्या नावानं कुठेच दस्त झालेला नसतो. तो फक्त कुटुंबाची वंशावळ विचारल्यावर कळतो.

तिसरी, जमिनीची. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून मूळ जमीनमालकाचंच नाव होतं. बिल्डरनं सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीची मालकी देणारा दस्त, केलंच नव्हतं. पुण्यात ही परिस्थिती नवी नाही आणि एवढ्यावरून घर सोडून द्यावं असंही नाही. मात्र या प्रकरणात पुढचा एक पर्याय तिनं बंद केला.

चौथी, गल्लीची. खरेदीदारांना घरापेक्षा गल्ली आधी आवडली होती. ती शांत का आहे, हे विकास आराखड्यात पाहिल्यावर कळलं. टोकाच्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेतून १२ मीटर रुंदीचा आराखड्यातला रस्ता दाखवला होता. जागा ताब्यात न आल्यानं तो अडला होता, इतकंच. तो झाला की दोन मोठे रस्ते जोडले जाणार आणि गल्लीतून रहदारी सुरू होणार. शिवाय ९ मीटरचे १२ करायला प्रत्येक बाजूचा दीड मीटर लागणार. १९९५ च्या मंजूर रेखांकनात ही पट्टी रस्तारुंदीसाठी सोडलेली होती, पण कुंपणाची भिंत सगळ्यांनीच पुढे घेऊन ती अंगणात घातली होती. रस्ता झाला तर अंगण १५ फुटांवरून साधारण १० फुटांवर येईल. चार मीटर लांबीची छोटी गाडीदेखील मग सरळ उभी राहत नाही, आणि १८ फुटी दर्शनी भागात ती आडवी लावणं म्हणजे रोजची कसरत.

पाचवी, बांधकामाची. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं मार्चमध्ये घर पाहिलं. गच्चीवरची खोली कॉलमवर उभी नव्हती. जुन्या साडेचार इंची कठड्यावरच विटा चढवल्या होत्या. त्या कठड्याखाली पहिल्या मजल्याच्या स्लॅबला केसाएवढ्या भेगा होत्या. पाण्याचे पाइप जुने लोखंडी, आतून गंजलेले. वायरिंगला अर्थिंग नाही. सगळ्यात त्रासदायक गोष्ट मागे सापडली. चौदा घरांची ड्रेनेज लाइन मागच्या मोकळ्या जागांतून जाते आणि प्रत्येक घरामागे एक चेंबर आहे. या घराचं चेंबर वाढवलेल्या स्वयंपाकघराच्या फरशीखाली गाडलं गेलं होतं. लाइन तुंबली तर वरच्या अंगाच्या घरांत मैला उलटा येणार, आणि चेंबर उघडायचं म्हणजे यांची फरशी फोडायची.

पर्याय

सोडून देणं सोपं होतं. पावतीप्रमाणे ५१ हजार परत मिळाले असते. पण याच परिसरात, तळमजल्यावर खोली असलेलं, याच किमतीच्या आसपासचं दुसरं घर त्या काळात बाजारात नव्हतं. त्याच पैशांत नवीन प्रकल्पातला फ्लॅट मिळत होता, तो शहराबाहेरच्या रस्त्यावर, मुलीच्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर.

वाढीव बांधकाम आधी नियमित करून घ्या, असं विक्रेत्यांना सांगणं हा दुसरा पर्याय. वास्तुविशारदाशी बोलल्यावर तो गळला. शिल्लक एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं ते प्रमाण) एका घराचा नसतो, तो अख्ख्या भूखंडाचा असतो, म्हणून बाकीच्या तेरा जणांची संमती लागते. प्रीमियम भरून जादा एफएसआय घ्यायचा तर अर्ज जमिनीच्या मालकाच्या नावानं जातो, आणि इथे मालक म्हणून कागदावर मूळ जमीनमालक. त्यातही मागचं ८० चौरस फुटांचं बांधकाम नियमानं मोकळ्या सोडायच्या किमान अंतरात होतं. ते नियमित होण्याची शक्यताच नव्हती. कठड्यावर उभ्या खोलीला कोणताही जबाबदार इंजिनिअर दाखला देणार नाही, हे वेगळंच.

तिसरा पर्याय एजंटनं सुचवला. बँकेसाठी करारात एक किंमत, वरची रक्कम रोख. खरेदीदारांनी तो तिथल्या तिथे नाकारला, आणि ते योग्यच केलं. कायद्याचा भंग तर आहेच. शिवाय उद्या घर विकताना नफा कागदावरच्या कमी किमतीपासून मोजला जातो आणि कर खरेदीदाराला भरावा लागतो.

उरला चौथा: घर फक्त मंजूर क्षेत्रफळाच्या हिशेबानं घ्यायचं, वारसांचा प्रश्न विक्रेत्यांनी आधी सोडवायचा, आणि बेकायदा भाग आपण पाडणार हे गृहीत धरून पैसे मोजायचे.

निर्णय आणि कृती

मार्चअखेर खरेदीदारांनी एका कागदावर हिशेब मांडून विक्रेत्यांसमोर ठेवला. गल्लीतल्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या आधीच्या खरेदीखतांच्या सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’) काढून, त्यांतला किमतीचा आकडा मंजूर क्षेत्रफळावर वाटला. चौरस फुटाला साधारण १२,२०० रुपये दर निघाला. त्यानं १,०५० फुटांचे १ कोटी २८ लाख होतात. सोबत इंजिनिअरचा ५ लाख ७० हजारांचा दुरुस्ती अंदाज आणि आराखड्यातल्या रस्त्याची प्रत जोडली. विक्रेत्यांच्या मुलाचं म्हणणं, ‘गल्लीत सगळ्यांच्याच गच्चीवर खोल्या आहेत.’ बाईंनी मात्र कागद नीट वाचला. दुसऱ्या खरेदीदारालाही बँक हेच सांगणार, हे त्यांना पटलं. दोन बैठकांनंतर १ कोटी ३२ लाखांवर ठरलं.

इथे एक निर्णय लक्षात घेण्याजोगा आहे. खरेदीदारांनी दुरुस्तीचा खर्च किमतीतून पूर्ण वजा करण्याचा हट्ट धरला नाही. वायरिंग आणि पाइप २७ वर्षांच्या घरात बदलावेच लागतात, आणि दर ठरताना घराचं वय धरलेलं असतं. त्यांनी जोर दिला तो बेकायदा क्षेत्रफळाचे पैसे न देण्यावर. मुद्दा एकच होता, म्हणून तो टिकला.

वारसांच्या बाबतीत दोन वाटा होत्या. दीर, नणंद आणि इतर हिस्सेदारांनी खरेदीखतावर विक्रेते म्हणून सह्या करायच्या, किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. बँकेच्या वकिलांना दुसरी वाट हवी होती. हा विषय कुटुंबातला असल्यानं खरेदीदारांनी नातेवाइकांशी थेट बोलणं टाळलं, आणि आमच्या मते हे शहाणपणाचं होतं. परका माणूस ‘तुमचा हिस्सा सोडा’ म्हणायला गेला की जिथे भांडण नाही तिथे ते उभं राहतं. विसाराची मुदत लेखी ६० दिवस वाढवली. सगळ्यांना पुण्यात एका दिवशी आणायलाच तीन आठवडे गेले. एप्रिलअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदलं गेलं. दरम्यान दोन दैनिकांत जाहीर नोटीस देऊन झाली. कोणाची हरकत आली नाही.

रस्त्यासाठी महापालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय घेतला आणि रस्त्याची रेषा जागेवर आखून पाहिली. घराच्या भिंतीला धक्का नव्हता. अंगणाखालची पाण्याची टाकी त्या रेषेपासून घराच्या बाजूला दोन फूट आत होती. टाकी पट्टीत आली असती तर ती हलवण्याचा खर्च आणि जागेचा प्रश्न दोन्ही उभे राहिले असते. शांतता कायमची नाही आणि मोटार उद्या बाहेर लावावी लागेल, हे खरेदीदारांनी उघड्या डोळ्यांनी स्वीकारलं.

घर कोणाच्या नावावर घ्यायचं, यावरही विचार झाला. फक्त पत्नीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत, म्हणजे १ लाख ३२ हजार वाचतात. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ही सवलत मिळत नाही. पण पती मालक नसेल तर त्याला गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घेता येत नाही. दोघंही जुन्या कररचनेत होते. २ लाखांच्या वजावटीवर तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह वर्षाला ६२,४०० रुपये वाचतात. सवा दोन वर्षांत हिशेब फिटतो. घर संयुक्त नावावर घेतलं. नव्या कररचनेत असलेल्यांसाठी उत्तर उलटं येईल.

खरेदीखत जूनअखेर झालं. मुद्रांक शुल्क ९ लाख २४ हजार, नोंदणी ३० हजार. मालमत्तेची किंमत ५० लाखांच्या वर असल्यानं एक टक्का टीडीएस (विक्रेत्यांच्या वतीनं खरेदीदारानं कापून भरायचा प्राप्तिकर) कापायचा होता. विक्रेते तीन (बाई, मुलगा आणि मुलगी) आणि खरेदीदार दोन, म्हणून प्रत्येक जोडीचा वेगळा, असे २६क्यूबीचे सहा अर्ज भरले. हे बहुतेकांना शेवटच्या दिवशी कळतं. सोसायटीनं आधी ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून दोन लाख मागितले. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे, हे शासन परिपत्रक दाखवल्यावर तेवढ्यावर काम झालं. मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरशिवाय, सरकारी आदेशानं जमीन सोसायटीच्या नावे होण्यासाठी) अर्ज करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून त्याची प्रत देण्याची विनंतीही याच वेळी केली. सभासद होण्याआधी हा विषय काढला म्हणून दोघा-तिघांनी नाकं मुरडली, पण ठराव झाला.

निष्पत्ती

जुलैपासून काम सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात मागचा पत्रा आणि फरशी काढून चेंबर मोकळं केलं, त्यावर निघणारं झाकण बसवलं. मागे आता धुण्याची उघडी जागा आहे. या भागाला ९५ हजार लागले. पाऊस उघडल्यावर गच्चीवरची खोली उतरवली, कठडा मूळ उंचीवर आणला आणि स्लॅबच्या भेगा भरून त्याखाली आधार दिला: ६५ हजार. मोकळ्या झालेल्या सुमारे ४३० चौरस फूट गच्चीवर जुना कोबा काढून नवा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) केला: ६० हजार. वायरिंगला १ लाख ९० हजार, पाइपांना १ लाख ६० हजार.

अंदाजात नसलेली गोष्ट एकच निघाली, पण महागात पडली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर वरच्या बेडरूमच्या सामाईक भिंतीवर ओल उमटली. मार्चमध्ये इंजिनिअरनं गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास साठवून पाहिलं होतं, तेव्हा काहीच गळलं नव्हतं. गळणार कसं, पाणी यांच्या गच्चीचं नव्हतंच. शेजाऱ्यांनी आपल्या गच्चीवर जुन्या थरावर नवी फरशी बसवून पातळी वाढवली होती. पाणी कठड्याला टेकून साचत होतं आणि नऊ इंची सामाईक भिंतीतून खाली उतरत होतं. कठडा आणि गच्ची मिळतात तिथला वाटा (सिमेंटचा गोलसर सांधा) दोन्ही बाजूंनी नव्यानं करावा लागला, शेजाऱ्यांकडचं पाणी उतरवणारा पाइप मोठा केला, आतलं प्लॅस्टर काढून पुन्हा केलं. १ लाख १० हजार गेले. त्यात शेजाऱ्यांच्या बाजूचा अर्धा खर्च खरेदीदारांनी उचलला. कर्जमंजुरी १ कोटी ३२ लाखांवर झालेली असल्यानं किंमत पुन्हा उघडली असती तर बँकेची प्रक्रिया नव्यानं सुरू झाली असती, म्हणून विक्रेत्यांकडे हा खर्च मागितला नाही.

एकूण दुरुस्ती ६ लाख ८० हजार. घराचे स्वतःचे ३९ लाख, शुल्कं, एजंट आणि सोसायटी धरून हातचे ५६ लाख ९० हजार लागले. वकील आणि इंजिनिअरची फी वेगळी. जवळच्या ५५ लाखांत ते बसले नाहीत, म्हणून स्वयंपाकघराची कपाटं पुढच्या वर्षावर ढकलली. दिवाळीत कुटुंब राहायला आलं. घर आता दोन बेडरूमचं आहे, जितकं नकाशावर तितकंच. मिळकतकरातून पाडलेलं क्षेत्रफळ कमी करून घेतलं आणि स्वतः राहत असल्याच्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज दिला. ही सवलत नव्या मालकाला आपोआप लागू होत नाही.

सोसायटीचा मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश जिल्हा उपनिबंधकांकडून आला आहे. मिळकत पत्रिकेवर नाव लागणं बाकी आहे. टोकाची भिंत अजून उभी आहे.

काय वेगळं करता आलं असतं

बँकेत जाण्याआधी मंजूर नकाशा पाहिला असता तर मूल्यमापनाचा धक्का बसला नसता. जुना मंजूर नकाशा मूळ मालकाकडे नसला तरी सोसायटीकडे किंवा महापालिकेच्या नोंदींत बहुधा सापडतो. रो हाऊस बघायला दुसऱ्यांदा जाताना नकाशा आणि टेप सोबत असायलाच हवा, विसार देण्याच्या आधी.

इंजिनिअरनं फक्त विकाऊ घराची गच्ची तपासली. दोन्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर दहा मिनिटं उभं राहून पातळी, उतार आणि पाणी कुठून जातं हे पाहिलं असतं तर सामाईक भिंतीची ओल मार्चमध्येच ओळखता आली असती आणि १ लाख १० हजार वाटाघाटीत आले असते. शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत. होणाऱ्या शेजाऱ्याची ओळखही होते.

विसार पावतीत ४५ दिवसांची मुदत घातली, पण वारसांचे कागद पूर्ण करण्याची जबाबदारी आणि खर्च कोणाचा, हे लिहिलं नव्हतं. हक्कसोडपत्राचा खर्च विक्रेत्यांनी दिला खरा. त्या अडून बसल्या असत्या तर पावतीत त्यावर काहीच उत्तर नव्हतं. मालक मयत असेल तर पावतीत मृत्यूची तारीख, त्या दिवशी हयात असलेले सगळे नातेवाईक आणि आई हयात होती की नाही, हे विक्रेत्यांच्या सहीनिशी लिहून घ्यावं.